दाता राष्ट्र चालविण्याची रीत

उद्या आपण एखाद्या श्रीमंत देशाचे विकासमंत्री झालात, तर पहिल्याच दिवशी आपल्या टेबलावर ०.७ टक्के हा आकडा येऊन पडेल. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ ऑक्टोबर १९७० रोजी ठराव करून श्रीमंत देशांना सांगितले होते की, त्यांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा एवढा भाग गरीब देशांच्या विकासासाठी द्यावा आणि तोही शक्यतो दशकाच्या मध्यापर्यंत. ते दशक सत्तरचे होते, अशी आठवण कोणी करून दिली तर आपण मुळीच विचलित होऊ नये. २०२४ मध्ये हे उद्दिष्ट गाठणारे दाते देश चारच होते: नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग. या चौघांना धरून साऱ्या प्रमुख दात्यांची बेरीज केली, तरी प्रमाण ०.३३ टक्केच भरले. तेव्हा आकड्याला विरोध करण्याची चूक कधीही करू नये. आकडा मान्य करावा, भाषणात त्याचा उल्लेख गहिवरून करावा आणि पूर्ततेची तारीख तेवढी पुढे सरकवत राहावे.

फारच आग्रह झाला तर कायदा करावा. ब्रिटनने २०१५ मध्ये ०.७ टक्क्यांचा रीतसर कायदा केला आणि त्याच कायद्यात अशी सोय ठेवली की, उद्दिष्ट चुकले तर मंत्र्याने संसदेपुढे निवेदन ठेवून कारण सांगावे. पुढे २०२१ पासून हे प्रमाण ०.५ वर आले आणि संरक्षणखर्च वाढवायचा असल्यामुळे २०२७ पर्यंत ते ०.३ वर नेण्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. कायद्याचे पालन न केल्याबद्दल फक्त निवेदन द्यावे लागते, असे भाग्य चोराच्याही वाट्याला येत नाही.

परदेशी मदत द्यायची म्हणजे पैसा परदेशी गेलाच पाहिजे, हा अडाणी समजही सोडून द्यावा. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना नावाच्या मंडळात दाते देश एकमेकांचे हिशेब तपासतात. तेथील नियमानुसार निर्वासित आपल्या देशात आल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत त्यांच्या निवाऱ्यावर आणि जेवणावर केलेला खर्च विकासमदत म्हणून दाखविता येतो. ब्रिटनने २०२२ मध्ये या मार्गाने सुमारे ३.७ अब्ज पौंड, म्हणजे आपल्या एकूण मदतीपैकी जवळजवळ २९ टक्के रक्कम, स्वतःच्याच भूमीवर खर्च केली. त्यात हॉटेलांची बिलेही आली. निर्वासिताला छप्पर मिळालेच पाहिजे, याविषयी माझा वाद नाही. पण त्याच वर्षी सोमालिया दुष्काळाने होरपळत होता आणि त्या छपराचा खर्च त्याच्यासारख्यांच्या पानातून उचलला जात होता, एवढे तरी हिशेबाच्या वहीत लिहिले जावे की नाही?

अन्नमदत द्यावयाची असेल, तर धान्य आपल्याच शेतकऱ्याचे, पोते आपल्याच गिरणीचे आणि जहाज आपल्याच झेंड्याचे असावे. अमेरिकेने १९५४ पासून कित्येक दशके हे धोरण मोठ्या निष्ठेने पाळले. अन्नमदतीतील किमान निम्मा माल अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतूनच गेला पाहिजे, असा तेथे कायदाच आहे. भुकेलेल्या देशाच्या शेजारी धान्य स्वस्त मिळत असले, तरी ते विकत घेण्याचा मोह टाळावा. महासागर ओलांडून आलेल्या धान्याला दानाची चव असते आणि जहाजमालक निवडणुकीत ती चव विसरत नाहीत.

पोत्यावरील झेंडा दुरूनही ओळखता येईल एवढा मोठा छापावा.

सल्लागार आपल्याच देशाचे नेमावेत.

शस्त्रांचा सौदा आणि धरणाचे अनुदान एकाच बैठकीत ठरवू नये. ठरविल्यास बैठकीचे टिपण ठेवू नये. ब्रिटनने मलेशियातील पेर्गाऊ धरणाला २३.४ कोटी पौंडांची मदत दिली आणि तिचा धागा शस्त्रखरेदीच्या कराराशी जोडलेला निघाला. ब्रिटनच्याच उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ती मदत बेकायदा ठरविली, याचे कारण सरकारच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनी हा प्रकल्प परवडणारा नाही असे लिहून ठेवले होते. लिहिण्याची सवय अधिकाऱ्यांना फार वाईट असते.

प्रकल्प निवडताना तो छायाचित्रात कसा दिसेल, हे आधी पाहावे. दक्षिण आफ्रिकेतून निघालेला ‘प्लेपंप’ या बाबतीत आदर्श मानावा. मुलांनी चक्राकार पाळण्यावर खेळायचे, त्या खेळाने जमिनीतील पाणी वर चढायचे, आणि उंच टाकीवरील जाहिरातींतून देखभालीचा खर्च निघायचा, अशी ती कल्पना होती. अमेरिकी सरकारच्या सहभागाने २००६ मध्ये तिच्यासाठी १.६४ कोटी डॉलरची घोषणा झाली आणि २०१० पर्यंत असे ४,००० पंप बसविण्याचे ठरले. पुढे ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाने हिशेब करून दाखविले की, ठरल्याप्रमाणे लोकांना पाणी पुरवायचे असेल, तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावे लागेल. अनेक ठिकाणी मुले थोड्या वेळात कंटाळली आणि तो जड पाळणा बायका ढकलीत बसल्या. साधा हातपंप हवा की पाळणा, हे त्या बायकांना आधी विचारले असते तर उत्तर एका वाक्यात मिळाले असते. परंतु हातपंपाचे छायाचित्र कोणी कार्यालयात लावत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना कागदपत्रांविषयीची आहे आणि ती मी अनुभवाने देऊ शकतो, कारण मी याच व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्या बाजूला बसतो. आपला पैसा थेट गावात काम करणाऱ्या संस्थेला कधीही देऊ नये. तो आधी एखाद्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेला द्यावा, तिने मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला द्यावा, तिने राजधानीतील संस्थेला द्यावा आणि तिने गावातल्या संस्थेला द्यावा. या उतरंडीत वरच्या मडक्याला सात-आठ टक्के व्यवस्थापनखर्च मिळतो आणि तळाच्या मडक्याला अनेकदा तोही मिळत नाही. सारी उतरंड मात्र तळाच्या मडक्यावरच उभी असते. इस्तंबूलला २०१६ मध्ये भरलेल्या जागतिक मानवतावादी परिषदेत बड्या दात्यांनी आणि संस्थांनी कबूल केले होते की, २०२० पर्यंत मानवतावादी निधीपैकी किमान २५ टक्के रक्कम स्थानिक संस्थांपर्यंत शक्य तितकी थेट पोहोचवू. मुदत उलटल्यानंतर, २०२२ मध्ये, थेट पोहोचलेली रक्कम दोन टक्क्यांच्याही आत होती. कारण विचारले तर सांगतात की, स्थानिक संस्थांकडे क्षमता नाही. ती वाढविण्यासाठी मग कार्यशाळा होतात आणि त्या घेणारे तज्ज्ञ विमानाने येतात.

पैसा चार हातांतून जिरत खाली येत असला, तरी कागद मात्र एकाही टप्प्यावर जिरू देऊ नये. १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या मदतयंत्रणेसाठी ‘लॉगफ्रेम’ नावाचा एक तक्ता तयार झाला. त्यात उद्दिष्ट, फलित, निर्देशक, पडताळणीचे साधन आणि गृहीतके अशा चौकटी असतात. विचाराला शिस्त लावण्यासाठी तो उत्तम होता, हे मी मानतो. आज मात्र तो आधी भरावयाचा आणि गाव नंतर पाहावयाचे, अशी पद्धत पडली आहे. एकाच कुपोषित मुलाचे वजन आम्ही तीन वेगवेगळ्या नमुन्यांत तीन दात्यांना कळवितो. एकाला ते वयोगटानुसार हवे असते, दुसऱ्याला तिमाहीनुसार, तर तिसऱ्याला त्या मुलाच्या आईच्या ‘सक्षमीकरणा’च्या टक्केवारीसह. बजेटच्या एका ओळीतील पैसे दुसऱ्या ओळीत वळविण्यासाठी लेखी परवानगी लागते. ती येईपर्यंत पूर ओसरलेला असतो आणि त्या दरम्यान आपण तातडीने प्रतिसाद का दिला नाही, याचा खुलासा मागविणारे पत्र आलेले असते. हे सर्व आम्ही करीत आलो, कारण पैसा लोकांच्या करातून येतो आणि त्याचा हिशेब दिला पाहिजे, हे आम्हालाही पटते.

पण अलीकडे एका दात्या सरकारने आमचा प्रकल्प मध्येच बंद केला. काम थांबवा, असा ईमेल आठवडाअखेरीस संध्याकाळी आला. त्याखाली सही नव्हती आणि ज्याच्याशी बोलावे असा माणूसही त्यांच्या कार्यालयात उरला नव्हता. झालेल्या खर्चाची बिले अडकली. कार्यकर्त्या मुलींचे पगार थकले. ज्या मुलांचे वजन नुकतेच वाढू लागले होते, त्यांच्या पुढच्या महिन्याच्या आहाराची पाकिटे गोदामात होती आणि ती हलविण्याची परवानगी नव्हती. त्यानंतर त्याच सरकारच्या पोर्टलवरून अंतिम अहवालाची मागणी आली. त्यात एक सक्तीचा रकाना होता: ‘निधी संपल्यानंतरही प्रकल्पाचे लाभ कसे टिकून राहतील, याचे वर्णन किमान ५०० शब्दांत करावे.’ कमी शब्दांत उत्तर लिहिले, तर पोर्टल ते स्वीकारत नाही. सोबत लाभार्थ्यांची हसरी छायाचित्रे जोडावयाची होती, आणि त्यांत दात्याचे बोधचिन्ह स्पष्ट दिसणे आवश्यक होते. तेव्हा मंत्रिमहोदय, आपणही हा रकाना जरूर ठेवावा. स्वतः घराला आग लावून घरमालकाला अग्निसुरक्षेवर निबंध लिहावयास सांगणे, हे फक्त सरकारलाच जमते.

आपल्या मतदारांचे गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडू नये. अमेरिकेतील पाहण्यांमध्ये लोकांना विचारले की, केंद्रीय अंदाजपत्रकाचा किती भाग परदेशी मदतीवर जातो, तर सरासरी उत्तर पाव हिश्श्याच्या आसपास येते. प्रत्यक्षात तो एक टक्क्याच्या आसपास असतो. पाव हिस्सा खर्च होतो असे समजणाऱ्या मतदारासमोर एक टक्का कापून पराक्रमाचा आव आणणे फार सोपे जाते.

निधी कमी पडला तर गरजूंची यादी कमी करावी. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ साठी सुमारे १८ कोटी लोकांकरिता ४४ अब्ज डॉलर मागितले होते. पैसे आले नाहीत म्हणून जूनमध्ये ती मागणी २९ अब्जांवर आणि माणसे ११.४ कोटींवर आणावी लागली. उरलेल्यांची भूक कोणत्या ठरावाने स्थगित झाली, ते कोणी सांगितले नाही.

आणि सगळेच बंद करावयाचे असेल, तर अमेरिकेचा २०२५ चा पाठ गिरवावा. २० जानेवारीला परदेशी मदत थांबविण्याचा आदेश निघाला, चार दिवसांत जगभर कामे थांबविण्याची पत्रे गेली, मार्चमध्ये ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि १९६१ पासून चालत आलेली यूएसएड ही मदतयंत्रणा १ जुलैला संपली. मधल्या काळात दुबईच्या गोदामात अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातील मुलांसाठी घेतलेली पौष्टिक बिस्किटे पडून होती. त्यांची किंमत सुमारे आठ लाख डॉलर होती. ती वाटण्याची परवानगी कर्मचारी मागत राहिले आणि ती मिळाली नाही. मुदत उलटली आणि जवळजवळ ५०० टन बिस्किटे जाळावी लागली. त्या जाळण्याला आणखी १,३०,००० डॉलर लागणार होते. काटकसरीच्या नावाखाली बंद केलेल्या कामाचे हे बिल आहे.

यावर कोणता उपहास करावा, ते मला सुचत नाही. भुकेल्या मुलांचे अन्न गोदामात कुजविणे आणि मग पैसे खर्चून ते जाळणे, हा गुन्हा आहे. तो कोणत्या कायद्यात बसतो, याची मला पर्वा नाही. मदतीने काही साधत नाही, असे टाळ्या घेत सांगणाऱ्यांनी आधी १९८० मध्ये जगातून देवीचा रोग हद्दपार झाल्याचे जाहीर झाले ते कशाने, याचे उत्तर द्यावे. २००३ मध्ये अमेरिकेनेच सुरू केलेल्या एड्सविरोधी कार्यक्रमामुळे सुमारे अडीच कोटी जीव वाचले, असे तेथील सरकारच सांगत आले आहे. ते खोटे होते काय? वाईट प्रकल्प होते, चोरी होती, पाळण्याचे पंप होते, हे सारे खरे आहे, आणि त्यांच्याविषयी आम्हीच सर्वांत आधी ओरडत होतो. आमचे ओरडणे तेव्हा कोणी ऐकले नाही आणि आता तेच आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचून दाखविले जाते.

पैसा तुमचा आहे. तो न देण्याचा अधिकारही तुमचा आहे. पण दिलेला शब्द मोडताना सहा महिने आधी सांगता येते. झालेल्या खर्चाची बिले चुकती करता येतात. सुरू असलेला औषधोपचार पुरा होऊ देता येतो, आणि गोदामातला माल तिथल्याच लोकांना वाटून टाकता येतो. जाळण्यावर पैसा घालविण्यापेक्षा ते केव्हाही बरे. यांतली एकही गोष्ट अवघड नाही आणि यांतली एकही तुम्हाला माहीत नव्हती असे नाही. तुम्ही ती केली नाही, कारण ज्यांची पोटे रिकामी राहिली ते तुमच्या मतदारयादीत नाहीत.