तिरकी पट्टी म्हणजे लाखाची चूक नव्हे

खानापूर-बेळगावकडच्या आमच्या निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कॅसिनोत जुगाराच्या टेबलावर पैशांऐवजी वापरायची चकती, ती ‘क्ले’ पोकर चिप, म्हणजे भट्टीत भाजलेली अस्सल माती. जितकी जड तितकी खरी. तिच्या काठावरची रंगीत पट्टी वेडीवाकडी असेल, दोन बाजूंची चित्रं जुळत नसतील किंवा नक्षी पुसट असेल, तर ती कारखान्याची चूक, आणि अशी चूक लाखात विकली जाते. खाली कुणीतरी शेपूट जोडलंय, ‘आता आपल्या खानापूरच्या मातीला पण भाव येणार!’

या शेपटामुळेच लिहायला बसलो. माझं आजोळ कुंभाराचं. मामांचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, विझला त्याला बरीच वर्षं झाली, पण खानापूरची माती काय चीज आहे हे मला मेसेजवरून शिकायची वेळ अजून आलेली नाही.

आधी ‘भाजलेली माती’ घेऊ. मडकं पक्कं व्हायला आव्यात ७००-८०० अंश सेल्सिअस तरी लागतात. मातीच्या कणांत बांधलेलं पाणी ५०० ते ६०० अंशांच्या आसपास सुटतं. ते सुटलं नाही तर मडक्यात पाणी ओतल्यावर त्याचा परत चिखल होतो. क्ले चिप ज्या दाबयंत्रातून निघते तिथली उष्णता साधारण १५० अंश. एवढ्यावर आमच्याकडे भाकरीसुद्धा पापुद्रा धरत नाही. मग चिप टिकते कशी? तर तिच्यात माती, खडू, वाळूसारखी भर असते आणि ती सगळी एका चिकटद्रव्याने धरून ठेवलेली असते. नेमकं मिश्रण प्रत्येक कारखाना गुपित ठेवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कामाला लाख, म्हणजे सील लावायला वापरतात ती राळ, वापरत. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यासुद्धा लाखेत दगडाची पूड घालूनच व्हायच्या, तसाच हा प्रकार. निव्वळ भाजलेल्या मातीची तीन-सव्वातीन मिलिमीटरची चकती टेबलावर दिवसभर आपटली तर संध्याकाळी खापऱ्याच गोळा कराव्या लागतील.

जाता जाता, ‘सिरॅमिक’ म्हणून विकतात ती चिपही भट्टी बघत नाही. ती राळेसारख्या प्लॅस्टिकची असते, वर रंग मुरवून छापलेला. नावाला भुलायचं नाही.

‘जितकी जड तितकी खरी’ हे तर साफ उलटं आहे. दाबून केलेली खरी क्ले चिप साधारण साडेआठ ते साडेदहा ग्रॅम भरते. बाजारात साडेअकरा, साडेतेरा, चौदा ग्रॅमच्या ‘क्ले’ म्हणून ज्या पेट्या मिळतात, त्यांत बहुतेक प्लॅस्टिक असतं आणि वजनासाठी आत धातूची चकती. खरी चिप दुसरीवर टाकली की टप असा दबका आवाज येतो, या खणखणतात.

आता पट्टीकडे येतो, कारण सगळा गोंधळ तिथंच आहे. रंग घालून मळलेला लगदा पोळीसारखा लाटतात, त्याच्या चकत्या पाडतात. मग चकतीच्या काठाचा तुकडा कापून काढतात आणि त्या खाचेत दुसऱ्या रंगाच्या लगद्याचा तेवढाच तुकडा हाताने बसवतात. म्हणजे पट्टी रंगवलेली नसते, जडवलेली असते. दोन्ही तोंडांवर मधोमध छापील कागदाची पातळ चकती ठेवतात आणि सगळं नक्षीच्या साच्यात घालून गरम दाबतात. दाब दर चौरस सेंटिमीटरला ७०० किलोच्या घरात. चिपेचा व्यास ३९ मिलिमीटर, त्यामुळे एका चिपेवर आठेक टन येतात. उसाने भरलेली ट्रॉली एका चकतीवर उभी केली समजा. एवढ्या दाबाखाली दोन रंगांचा लगदा जागच्या जागी थोडाच राहील? तो वाहतो. पट्टीची कड फाटल्यासारखी, पिसासारखी होते, एका बाजूला जराशी रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. ही चूक नव्हे, हीच तर हातकामाची खूण. उलट पट्टीची रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ असेल तर मी आधी शंका घेईन.

दोन बाजूंची चित्रं न जुळण्याचंही तसंच. मधला कागद दोन्ही तोंडांवर वेगवेगळा ठेवतात, एकाचं डोकं दुसऱ्याच्या डोक्याशी जुळवत कुणी बसत नाही. हा गैरसमज नाण्यांवरून आलाय. आपलं रुपयाचं नाणं आडवं उलटलं की मागची बाजू सरळच दिसते, म्हणून फिरलेला ठसा ही तिथं खरी चूक ठरते. नाण्याचा नियम चिपेला लावला की घरातल्या निम्म्या चिपा दुर्मिळ!

आणि पुसट नक्षी? ती वापरून झिजते. नवी चिप काठाला धारदार असते, हजार हात फिरलेली चिप भिजलेल्या बिस्किटासारखी गोल होते. तिला ‘साच्याविना सुटलेली’ म्हणून विकणारा एक तर अडाणी, नाही तर फारच हुशार.

मग खरी चूक ओळखायची कशी? मला मामांचं वाक्य पुरतं. बाजारातून परत आलेलं मडकं हातात घेऊन ते म्हणायचे, “आव्यात गेलेली चीर न्यारी, गाडीत गेलेली न्यारी.” आव्यातल्या चिरेच्या आतही धूर शिरलेला असतो, कडा बोथट असतात. गाडीतली चीर आतून ताजी, लालबुंद. पैसे पहिल्या चिरेचे परत द्यायचे, दुसरीचे नाहीत.

चिपेलाही हेच विचारा: हे दाबाआधी घडलं की नंतर? एका तोंडावर एक किंमत आणि दुसऱ्यावर वेगळी. एका बाजूचा कागदच बसवायचा राहिलाय आणि तिथं साच्याचा सपाट दाब दिसतोय. चार पट्ट्यांतली एक भलत्याच रंगाची. दोन तोंडांना दोन वेगळ्या साच्यांची नक्षी. या खऱ्या चुका, कारण चिप दाबून झाल्यावर त्या घरी बसून करता येत नाहीत. खोटेपणा भिंगाखाली सापडतो. खरा कागद अंगात रुतलेला असतो, त्याच्या कडेवरून नख फिरवलं तर अडत नाही. उचकटून दुसरा चिकटवला असेल तर भोवती बारीक चर आणि गोंदाची चमक दिसते. खरी पट्टी काठावरून तोंडावर सलग वळते, रंग लावला असेल तर खरवडल्यावर खालचा रंग डोकावतो. भोक किंवा खाच असेल तर ती बहुधा चिप रद्द केल्याची खूण. सोनेरी आकडा दोनदा उमटलेला असेल तर मात्र मी लगेच मान डोलावणार नाही, कारण तो ठसा चिप तयार झाल्यावर तापवून मारतात आणि तसलं लहान यंत्र कुणाच्याही माळ्यावर असू शकतं.

राहिली लाखांची गोष्ट. कारखान्यातली प्रत्येक खोट किंमत चढवत नाही. दाबताना फुगीर झालेली चिप टिचकी मारली की टेबलावर भोवऱ्यासारखी फिरते. शौकीन तिला ‘स्पिनर’ म्हणतात आणि बाजूला काढतात. चूक शंभर टक्के खरी, पण भाव उतरलेला. ठळक, गमतीदार चुकीला गिऱ्हाईक असतं, पण ते त्या-त्या कॅसिनोच्या चिपा जमवणारं मोजकं माणूस. ते गिऱ्हाईक गोव्याहून चोर्ला घाट चढून आपल्या दारात येत नसतं.

माझा मावसभाऊ मात्र घाट उतरून गेला आणि ६,००० रुपयांना एक ‘एरर’ घेऊन आला. पट्टी तिरकी, वजन भारदस्त. “दादा, बघ की, कशी जड लागतीय!” मी फ्रिजवरचं लोहचुंबक काढून जवळ नेलं, तशी चिप टणकन उडून चिकटली. तो बराच वेळ गप्प होता. ३९ मिलिमीटर, साडेतेरा ग्रॅम. आता त्याची पोरं तिनं कॅरम खेळतात, स्ट्रायकर म्हणून बरी चालते म्हणे.