5.125 की 4.3? ‘जुना ड्रायव्हर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मालक, नमस्कार.

माझ्या टीडीचा (एमजीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) क्राऊन-टेल पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली दातांच्या चाकांची जोडी, बदलल्याची पोस्ट तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत आणि मग झोडपलीत, हे मला आवडलं. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. 1951 च्या एमजीचं मूळ 5.125 चं प्रमाण (टॉपला चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे तेवढे फेरे) काढून 4.3 बसवलं म्हणजे गाडीची वाट लावली. 54 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला एवढं उंच गिअरिंग (आकडा लहान तेवढं उंच) ओढत नाही, तुळजापूरच्या घाटात गाडी दुसऱ्यावर येणार. ॲक्सल शाफ्ट तुटणार. पैसे घालायचेच होते तर पाच गिअरचा बॉक्स घालायचा. आणि ‘स्पीडोमीटर चुकतोय म्हणून तुम्हाला गाडी पळाल्यासारखी वाटतेय.’

शेवटचं आधी घेतो, ते लवकर संपेल. टीडीच्या स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. मागे काय बदललं याचा तिला पत्ताच नसतो, त्यामुळे गिअरिंग उंच केलं की काटा कमी दाखवतो, जास्त नाही. खरा वेग ताशी 80 किलोमीटर असतो तेव्हा माझा मैलांचा काटा 42 च्या आसपास असतो, म्हणजे किलोमीटरमध्ये 67. पोस्टमधले वेग मोबाइलच्या जीपीएसवरचे आहेत. आरपीएमचा काटा डायनॅमोच्या मागून चालतो, त्याला डिफशी (मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलशी) देणंघेणं नाही.

आता मूळपणाचं. 5.125 हा आकडा टीडीसाठी कुणी विचार करून काढला होता, असं तुम्ही धरून चालता. तो टीडीच्या आधीच्या टीसी मॉडेलकडून आला. टीसीची चाकं 19 इंची, टीडीला ॲबिंग्डनवाल्यांनी (एमजीच्या कारखान्याने) 15 इंची दिली आणि मागचं प्रमाण तेच ठेवलं. चाक लहान झालं, त्यामुळे तेवढ्याच वेगाला टीडीचं इंजिन टीसीपेक्षा जास्त फिरायला लागलं. पुढच्या टीएफ मॉडेलमध्ये कारखान्यानेच 4.875 केलं. म्हणजे प्रमाण उंच हवं हे त्यांनाही कळलं होतं, फक्त त्यांच्यासमोर पन्नासच्या दशकातले इंग्लंडचे अरुंद, वळणांचे रस्ते होते. माझ्यासमोर सोलापूर-पुणे चौपदरी हायवे आहे. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, सगळं सपाट आणि सरळ, आणि मागून येणारा ट्रकवाला 80 च्या खाली तुम्हाला जगू देत नाही.

खरा मुद्दा इथे आहे, म्हणून जरा आकडे. जुन्या जोडावर टॉपला दर हजार आरपीएमला गाडी ताशी 23 किलोमीटर जायची, आता साडेसत्तावीसच्या आसपास जाते. ताशी 80 ला पूर्वी इंजिन सुमारे 3450 वर ओरडत असायचं, आता 2900 वर असतं. या एक्सपीएजी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 66.5 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) 90, म्हणजे चांगलाच लांब. पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात 18 सेंटिमीटर धावावं लागतं. लांब स्ट्रोकचं इंजिन 3500 ला चालतं, नाही असं नाही, पण तासन् तास, एप्रिलच्या उन्हात चाळिशीपार तापमानात चालवत राहणं वेगळं. सोलापूर ते पुणे 250 किलोमीटर धरा. एका दिशेच्या प्रवासात क्रँकशाफ्ट आता लाखभर फेरे कमी मारतो. बेअरिंग शेल्स, रिंगा, व्हॉल्व्ह स्प्रिंगा, सगळ्यांच्या आयुष्यातले लाख फेरे. पेट्रोल किती वाचतं यावर तुम्ही मला धरलंत, पण त्यासाठी मी हे केलंच नाही. वाचलं तर वाचलं.

घाटाचं तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं मला आधीपासून माहीत होतं. टीडीचा तिसरा 1.385 चा. जुन्या जोडावर तिसऱ्यात एकूण प्रमाण 7.1 पडायचं आणि टॉपला 5.125. आता तिसरा 5.96 वर आलाय, म्हणजे जुना तिसरा आणि जुना टॉप यांच्या मधोमध. तुळजापूरचा चढ पूर्वी टॉपवर धरून निघायचा, आता तिसरा टाकावा लागतो. दुसरा? समोर भरलेला ट्रक रांगत असेल तर हो, पण तेव्हा तो पूर्वीही टाकावा लागायचा. इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क 2600 ला. तो टॉपमध्ये पूर्वी ताशी 60 ला मिळायचा, आता 72 ला मिळतो. म्हणून साखर कारखान्यांचा सीझन सुरू झाला आणि दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर पुढे लागला, की टॉपला चिकटून राहायचं नाही. 30 च्या वेगाला टॉपमध्ये इंजिन जेमतेम 1100 वर येतं, आणि त्यात ॲक्सिलरेटर दाबला तर ते ठोके मारणार. पंखाही इंजिनावरच फिरतो, त्यामुळे वारा कमी आणि ताण जास्त. जो माणूस गिअर बदलायचा कंटाळा करतो त्याने हा बदल करू नये, हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं, असं तुम्ही म्हणाला असतात तर लगेच मान्य केलं असतं.

ॲक्सल शाफ्टचं मात्र तुम्ही उलटं धरलंत. मागचं प्रमाण जितकं मोठं, तितका इंजिनाचा टॉर्क वाढून शाफ्टवर पडतो. 5.125 वरून 4.3 वर आल्यावर प्रत्येक गिअरमध्ये शाफ्टवरचा पीळ सोळा टक्क्यांनी कमी झाला. भुर्दंड पडतो तो क्लचला. सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलवर थांबून उठायचं, किंवा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत होम मैदानाजवळून रांगत जायचं, तेव्हा क्लच जरा जास्त घासतो. मी त्या दिवसांत ती गाडी बाहेरच काढत नाही.

पाच गिअरच्या बॉक्सवर तुमच्याशी वाद नाही. फोर्डच्या टाइप 9 बॉक्सचा पाचवा 0.82 चा, मागे मूळ 5.125 ठेवलं तर पाचव्यात एकूण 4.2 पडतं, म्हणजे माझ्या टॉपपेक्षाही किंचित उंच, आणि खालचे गिअर जसेच्या तसे ताकदीचे राहतात. गणित म्हणून तेच उत्तम. पण मूळपणाबद्दल एवढं रागावणाऱ्या माणसाने हा सल्ला द्यावा, याची गंमत वाटली. गिअरबॉक्स बदलला की लिव्हरची जागा, माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट सगळं हलतं, आणि 1951 चा बॉक्स हातात घेतल्यावर जी दांडीची चाल जाणवते ती जाते. मी बदललेली वस्तू हौसिंगच्या आत आहे. स्पायडर गिअरही (डिफमधले छोटे गिअर) जुनेच ठेवलेत, बदलला तो फक्त क्राऊन आणि टेल पिनियन. काढलेली जोडी तेल लावून, एकत्र बांधून कपाटात ठेवली आहे. उद्या कुणाला हवी तर परत बसते.

‘आपल्या एमआयडीसीत कुणाकडूनही कापून घेतलं असतं’ हे मात्र पटत नाही. पॉवरलूमचे गिअर इथे डोळे मिटून कापून देणारी माणसं आहेत, त्यांच्या हाताला माझा सलाम. पण टीडीचा जोड हायपॉइड आहे. पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्याखाली असतो, दात वक्र असतात, त्याला खास मशिन लागतं आणि दोन्ही चाकं एकमेकांवर जोडीने लॅप करतात (घासून बसवतात). म्हणूनच जोडी फोडत नाहीत. अँबेसिडरचा अख्खा ॲक्सल घालायचा म्हटला तर ब्रेक, ट्रॅक, स्प्रिंगांच्या जागा सगळंच बदलत जातं.

व्हिडिओत 70 ला जी घूं येते ती डिफची, असं तुम्ही ऐकून सांगितलंत. आमच्या फिटरनेही पहिल्या दिवशी हेच म्हटलं, ‘मालक, आवाज येतंय की ओ.’ मग त्याच वेगाला ॲक्सिलरेटर दाबून पाहिला, सोडून पाहिला. क्राऊन-पिनियनचा आवाज ओढताना आणि सोडताना बदलतो, हा बदलत नव्हता. टायरचा निघाला. निळा रंग लावून दातांचा ठसा पाहिला तेव्हा तो मधोमध होता, शिम (जागा जुळवणारी पातळ चकती) पुन्हा हलवायची गरज पडली नाही. एक गोष्ट त्या निमित्ताने सांगतो: हायपॉइडला लागणारं जीएल-5 तेल उरलं म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका, आतल्या पितळी भागांना ते मानवत नाही.

एवढं सांगूनही पटलं नसेल तर एखाद्या रविवारी सकाळी लवकर या. तुळजापूरपर्यंत मी शेजारी बसतो, घाटात तुम्ही चालवा, कुठला गिअर लागतो ते तुम्हीच इथे लिहा. फक्त पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी रचना) नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही, एवढी एकच अट.