स्थळपाहणी शक्य झाली नाही

काल संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमच्या ग्रुपमधले एक जण म्हणाले, "संपला बुवा एकदाचा गडचिरोलीतला नक्षलवाद. तुम्ही होतात ना तिकडे?"

होतो. नोकरीतली साडेतीन वर्षं, लेखा विभागात, जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका कार्यालयात. बदलीचा आदेश हातात पडला तेव्हा नाशिकमधल्या सगळ्या नातेवाइकांनी काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यासारखे चेहरे केले होते. शासनाने २००२ च्या निर्णयाने त्या भागासाठी एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी दिली होती, ती मलाही मिळाली. त्या जादा पैशांच्या बदल्यात मी काय केलं, हे आज लिहायचं आहे. काल ट्रॅकवर उत्तर देता आलं नाही, आणि रात्री झोपही आली नाही.

मी एका वाक्याखाली सह्या केल्या. ते वाक्य असं: "नक्षलग्रस्त क्षेत्र असल्याने प्रत्यक्ष स्थळपाहणी शक्य झाली नाही." मोजमाप पुस्तिका भरलेली असायची, पैसे त्याच कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र जोडलेलं असायचं, शेवटी हे वाक्य असायचं आणि बिल निघायचं. मार्च एंडला तर अशा फायलींचा ढीग टेबलावर असायचा.

एक बंधारा मला विसरता येत नाही. एका नाल्यावरचा, लहानसा. फाईल समोर होती आणि आमच्या कार्यालयातला शिपाई चहा ठेवत होता. माडिया आदिवासी होता तो, त्याच नाल्याकाठच्या गावचा. फाईलवरचं गावाचं नाव त्याने वाचलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, आमच्या गावात बंधारा नाही." मी वरिष्ठांकडे गेलो. ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही जाणार का बघायला?" मला घरी दोन लहान मुलं होती. मी सही केली.

भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. आपल्या त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीतून बाहेर पडणाऱ्या कोवळ्या उपनिरीक्षकांपैकी कितीतरी जणांची पहिली नेमणूक तिकडेच होते. रस्त्याच्या कामावरची यंत्रं जाळली जायची. खबऱ्या असल्याच्या संशयावरून पोलीस पाटील, सरपंच, साधे शेतकरी मारले गेले. मी त्या भीतीत राहिलो आहे.

पण त्या भीतीचा फायदा कोणाला झाला, हे कोणी विचारायला हवं होतं. हिशेब मागणाऱ्या गावकऱ्याकडे जंगलातले नक्षलवादी खबऱ्या म्हणून बघायचे आणि सरकारी लोक नक्षल समर्थक म्हणून. मग ग्रामसभेत उभं राहून "आमच्या बंधाऱ्याचे पैसे कुठे गेले?" असं कोण विचारणार? दोन बंदुकांच्या मध्ये तो माणूस गप्प बसला आणि त्या शांततेत ठेकेदार, मधले हात आणि आमच्यासारखे सह्या करणारे बिनघोर राहिले. चाळीस वर्षं. नक्षलवादी १९८० च्या सुमारास तिथे आले आणि जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. म्हणजे तो जिल्हा जिल्हा म्हणून जितकी वर्षं जगला, तितकी वर्षं हे कारण तयारच होतं.

आता चित्र बदललं आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. १ जानेवारी २०२५ ला गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या भागात एसटी पोचली. त्या रस्त्याचं नाव आमच्या काळात दबक्या आवाजात घेतलं जायचं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. शस्त्रं मोजली, फोटो निघाले. बंदुकांचा हिशेब झाला. आमच्या फायलींचा कधी होणार? ते वाक्य लिहिलेल्या सगळ्या नोंदी काढा, गावनिहाय यादी करा आणि ज्या जागा तेव्हा पाहता आल्या नाहीत त्या आता पाहून या. रस्ता झाला आहे ना? मग जा. बंधारा सापडला तर उत्तम. नाही सापडला तर ते त्या गावच्या ग्रामसभेत, माडियात किंवा गोंडीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवा. त्यात माझी सही निघाली तर माझं नावही वाचा. पेन्शन घेतो आहे म्हणून मला सूट नको.

मेघालयाने २०१७ मध्ये सरकारी योजनांच्या सामाजिक लेखापरीक्षणाचा, म्हणजे लोकांसमोर कामांचा हिशेब तपासण्याचा, वेगळा कायदाच केला. ते राज्यही अतिरेकी हिंसेतून गेलेलं आहे. आपल्याला काय अडचण आहे?

ट्रॅकवरचे मित्र म्हणतील, बंदूक गेली की कारभार आपोआप सुधारेल. नाशिककराने तरी असं म्हणू नये. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकला कधी भूसुरुंग फुटले? तरी मार्च २०१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातली माणसं वनजमिनीच्या दाव्यांसाठी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली, कित्येकांचे पाय सोलपटलेले आपण टीव्हीवर पाहिले. आणि राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय आहे कुठे? आपल्या गडकरी चौकात. गडचिरोलीतल्या भामरागडच्या आश्रमशाळेतल्या पोराच्या ताटापर्यंतचा कारभार ज्या विभागाच्या हातात आहे, तो इथून चालतो. आपण रोज त्या इमारतीसमोरून जातो. त्याच विभागातल्या २००४ ते २००९ च्या योजनांमधल्या गैरव्यवहारांची चौकशी करायला उच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती गायकवाड समिती नेमावी लागली. तिचा अहवाल २०१७ मध्ये आला आणि मग त्या अहवालाचा अभ्यास करायला आणखी एक समिती बसली. इथे कुठल्या नक्षलवाद्याने कोणाला अडवलं होतं?

शेजारच्या नेपाळचं उदाहरण मला राहून राहून आठवतं. २००६ मध्ये शांतता करार झाला, माओवाद्यांची शस्त्रं कंटेनरमध्ये बंद झाली, जगाने कौतुक केलं. पण गावपातळीवरच्या निवडणुका १९९७ नंतर थेट २०१७ मध्ये झाल्या. वीस वर्षं! मधल्या काळात गावाचा पैसा सर्वपक्षीय यंत्रणा नावाची एक व्यवस्था आपसात वाटून घ्यायची. त्यात सगळेच पक्ष सामील, त्यामुळे विरोधात बोलायला कोणी उरलंच नाही. शेवटी २०१२ मध्ये ती मोडावी लागली. आपल्याकडेही मार्च २०२२ पासून नाशिक महापालिकेवर आणि राज्यातल्या कित्येक जिल्हा परिषदांवर साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. शहरातल्या माणसाकडे निदान वर्तमानपत्र आहे, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणारे ओळखीचे वकील आहेत. मी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज टाकतो. भामरागडच्या माणसाला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याबाहेर पडता येत नाही. त्याचं दुसरं अपील माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे, अर्ज मराठीत आणि घरी बोली माडिया.

तरीही त्याच गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) नावाचं गाव आहे. २००९ मध्ये तिथल्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवानाही गावाच्या हातात आला. त्यांनी स्वतःचा बांबू विकला, पैशाचा हिशेब ग्रामसभेत मांडला. चर्चा सर्वांची सहमती होईपर्यंत चालायची, मग कितीही वेळ लागो. हे सगळं संघर्ष चालू असताना झालं. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे राज्यातले नियम २०१४ मध्ये आले, २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट पेसा गावांना द्यायचं ठरलं, तो पैसा सांभाळायला ग्रामकोष समित्या झाल्या. म्हणजे हिशेब ठेवायला शिकलेली गावं तिथे आहेत. त्यांना आमच्या फायली दाखवल्या तर एका दिवसात सांगतील, काय आहे आणि काय नाही. आता सूरजागडच्या लोहखनिजामुळे मोठा पैसा जिल्ह्यात येतो आहे. तो येताना हे विचारणारे लोक समोर बसलेले असावेत, एवढीच माझी तगमग आहे.

तो शिपाई आता निवृत्त झाला आहे. दिवाळीला त्याचा फोन येतो, दरवर्षी. यंदा म्हणाला, "साहेब, आता या, गावापर्यंत गाडी येते." मी म्हटलं, येतो. मग जरा थांबून म्हणाला, "नाल्यावर पण जाऊ."

नागपूरपर्यंतचं रेल्वेचं तिकीट आज सकाळी काढलं. त्या फाईलमधल्या ज्या नोंदी मला आठवतात, त्या एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. वही बरोबर घेतोय.