नदीची वही गळवाल्यांच्या हाती द्या

गावाकडे गिरणा नदीचा वाद म्हणजे वाळूचा उपसा आणि आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीने सोडलेलं पाणी. काठावर गळ टाकून बसणाऱ्याला त्यात कोणी विचारत नाही. उलट मासे तरंगले, की पहिला संशय त्याच्यावरच.

इंग्लंडात, जिथून हे लिहितो आहे, नदीचा पहिला राखणदार गळवालाच आहे. डर्बीच्या मासेमारी क्लबने डर्वेंट नदी नासवल्याबद्दल कारखाना, नगरपालिका आणि वीज मंडळाला कोर्टात खेचलं आणि १९५३ मध्ये अपिलातही जिंकलं. आज तिथले गळवाले दर महिन्याला तळातले किडे मोजतात. उथळ खळाळात जाळी तळाला टेकवायची आणि तिच्या वरच्या अंगाला पायाने गोटे ढवळायचे, बरोबर तीन मिनिटं. जाळी जरा उचलली गेली, की किडे खालून निसटतात. मग पांढऱ्या ट्रेमध्ये किड्यांचे आठ गट मोजायचे, प्रत्येक गटाला संख्येप्रमाणे गुण: ९ पर्यंत १ गुण, ९९ पर्यंत २, ९९९ पर्यंत ३. बेरीज त्या जागेच्या ठरलेल्या आकड्याखाली गेली तर पुन्हा नमुना. तोही कमी आला, की पर्यावरण खात्याला कळवायचं. तपासणीसाठी भरलेल्या बाटलीत फक्त त्या घडीचं पाणी येतं. रात्री सोडलेली घाण सकाळी वाहून जाते, पण मेलेले किडे लगेच परत येत नाहीत.

आपल्याकडे हे जसंच्या तसं चालणार नाही. तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात खळाळच नाही. पूर किंवा आवर्तन येऊन गेलं, की किडे वाहून जातात, आकडा पडतो आणि उगाच कोणावर तरी आळ येतो. म्हणून मोजणी पावसाळा ओसरल्यावर, कोल्हापुरी बंधाऱ्यांना फळ्या बसण्याआधी करावी. इशाऱ्याचा आकडा आणि किड्यांचे गट इथल्याच दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून ठरवावेत. पांझरा नदीवरच्या फडांनी, म्हणजे शेतकऱ्यांच्या सामायिक सिंचन व्यवस्थेने, पाणी वाटायला पाटकरी नेमले. नदीसाठीही तसा माणूस नेमता येईल.

गळवाल्यांनीही एक पथ्य पाळावं. इंग्लंडच्या नद्यांत ट्राउट आणि सामन सोडून इतर गोड्या पाण्यातल्या माशांसाठी १५ मार्च ते १५ जून गळ बंद असतो. आपल्याकडे ही बंदी पावसाळ्यात हवी. तेव्हा मरळीच्या पिल्लांचा लालसर थवा पाण्यावर वळवळतो आणि खाली आईबाप राखण करतात. तिथे गळ सोडला, की मरळ हमखास लागते आणि मागे उरलेला थवा इतर मासे फस्त करतात.

इंग्लंडातला गळवाला हौशी आहे, मोजणी फुकट करतो. मासेमारीवर पोट असलेल्या आपल्या भोयाची मात्र तेवढ्या वेळाची कमाई बुडते. ती त्याला रोजी म्हणून मिळालीच पाहिजे, धरणांच्या मासेमारी ठेक्याच्या रकमेतून.