दीड तासाचाच तर प्रश्न आहे, ताई

हे वाक्य मी काल चार वेळा ऐकलं. पहिल्यांदा १०.३५ ला, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या दारात, हातात टोकन असताना. शेवटचं पावणेपाचला, त्याच दारात, दस्त न नोंदवता बाहेर पडताना. अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

खरेदीखताची नोंदणी होती. स्लॉट साडेदहाचा. मुद्रांक शुल्क भरलेलं, चलन, दस्ताच्या प्रती, सगळ्यांची आधार आणि पॅन कार्डं, सगळं फायलीत क्रमाने लावलेलं. बँकेचा माणूस डीडी घेऊन आला होता आणि त्याने आल्या आल्या सांगितलं होतं की एकनंतर त्याला दुसऱ्या ठिकाणी जायचंय. साक्षीदार म्हणून नवऱ्याचे काका आले होते. वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे, सकाळी सातला घरून निघालेले. नवऱ्याने रजा टाकलेली, मीही. समोरून घर विकणारे गृहस्थ, त्यांचा मुलगा आणि मुलाचा मेहुणा. हा मेहुणा ना विकणारा, ना घेणारा, ना साक्षीदार. दस्तात त्याचं नाव कुठेही नाही. आणि अख्खा दिवस त्याने चालवला.

आम्ही आत जायला निघालो तशी त्याने मोबाईल काढला. "थांबा, आत्ता राहू लागला. साडेदहा ते बारा. बाराच्या आत थंब द्यायचा नाही." विकणाऱ्या गृहस्थांनी, म्हणजे त्याच्या सासरेबुवांनी, मान डोलावली, मुलाने मान डोलावली आणि तिघे चहाच्या टपरीकडे चालू लागले. मी म्हटलं, अहो, टोकन लागलंय, नंबर पुढच्या पाच मिनिटांत येईल. त्यावर तो हसून म्हणाला, "दीड तासाचाच तर प्रश्न आहे, ताई. आयुष्यभराचा व्यवहार आहे."

१०.४२ ला आमचं टोकन पुकारलं. मी टेबलाशी उभी. विकणारा टपरीवर. क्लार्कने दोनदा विचारलं, "दुसरी पार्टी कुठाय?" काय सांगणार? त्याने फाईल बाजूला ठेवली आणि पुढचा दस्त घेतला. त्याची चूक नाही. बाहेर तीस माणसं उभी होती, त्यांनाही कामं होती.

आता इथून पुढचं नीट वाचा, कारण माझा संताप राहुकाळ पाळण्यावर नाहीच. तो न मोजता पाळण्यावर आहे.

राहुकाळ म्हणजे दिवसातला अशुभ मानलेला भाग, आणि तो घड्याळाच्या काट्यावर ठरत नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे आठ सारखे भाग करायचे. काल शुक्रवार होता, आणि शुक्रवारी त्यातला चौथा भाग राहूचा. "साडेदहा ते बारा" हे कुठून आलं? सूर्य सहाला उगवतो आणि सहाला मावळतो असं धरून केलेल्या तक्त्यातून. जून संपत आलाय. पुण्यात सूर्य साधारण सहाला उगवतोय आणि सव्वासातच्या सुमारास मावळतोय. दिवस सव्वातेरा तासांचा आहे. एक भाग ९० मिनिटांचा नाही, ९९ मिनिटांचा होतो. तीन भाग सोडून चौथा मोजा. राहुकाळ येतो १०.५७ ते १२.३६.

म्हणजे १०.४२ ला, आमचं टोकन पुकारलं तेव्हा, राहुकाळ नव्हताच! पंधरा मिनिटं बाकी होती. थंब आणि फोटो त्यात उरकले असते. आणि ज्या चौघडियाचे, म्हणजे दिवसाच्या याच आठ भागांना शुभ-अशुभ नावं देणाऱ्या तक्त्याचे, फोटो हाच मेहुणा मला महिनाभर पाठवतोय, त्या चौघडियातही शुक्रवारचा तिसरा भाग "अमृत" असतो. ९.१८ ते १०.५७. अमृताच्या वेळेत ही मंडळी टपरीवर बिस्किटं बुडवत बसली.

आणि १२ वाजून १ मिनिटाने तिघे धावत आले. "चला चला, आता सुटला राहू, आता अभिजित आहे!" तेव्हा खरा राहुकाळ ऐन भरात होता. अजून पस्तीस मिनिटं होती. अभिजित म्हणजे दिवसाच्या पंधरा मुहूर्तांतला आठवा, खऱ्या मध्यान्हीच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, पुणं ७४ अंशांच्या आसपास. सूर्य आपल्या डोक्यावर बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या पुढेमागे येतो. जुन्या काळी मुंबईची स्वतःची वेळ होती, ती आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालायची, ती याचमुळे. आणि शुक्रवारचा राहुकाळ बरोबर मध्यान्हीला संपतो, त्यामुळे शुक्रवारच्या अभिजितचा पहिला अर्धा भाग राहुकाळातच असतो. हे समजायला ज्योतिषी व्हावं लागत नाही. भागाकार यावा लागतो.

मी हे सगळं त्याला तिथेच सांगितलं. आवाज चढला होता माझा, कबूल आहे. त्याने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. पिवळ्या रंगाचं चित्र, वर गणपती, खाली तक्ता. "हे बघा, लिहिलंय ना." कुठल्या गावचा सूर्योदय धरलाय, ते त्यावर लिहिलेलं नव्हतं. ते त्याला विचारावंसंही कधी वाटलं नव्हतं.

माझे आजोबा पंचांग बघायचे. गावात लोक त्यांच्याकडे लग्नाची, वास्तूची, जावळाची तारीख काढायला यायचे. लग्नात ते घटिकापात्र मांडायचे. पाण्याने भरलेलं घंगाळ, त्यात बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. वाटी भरून बुडाली की एक घटका, २४ मिनिटं. दोन घटकांचा एक मुहूर्त, ४८ मिनिटं. अशा साठ घटकांचा अहोरात्र. वाटी मांडायची ती सूर्यबिंब अर्धं दिसल्यावर, आणि त्यासाठी ते स्वतः पहाटे उठून अंगणात उभे राहायचे. त्यांच्या तोंडून मी राहुकाळ हा शब्द कधी ऐकला नाही. तो दक्षिणेकडे फार पाळतात, आपल्याकडे घरोघरी पोचला तो आताआता. पण त्यांना तो मांडायला सांगितला असता तर त्यांनी आधी विचारलं असतं, आज सूर्योदय किती वाजता? मी हे त्यांच्याकडून शिकलेय आणि म्हणूनच कालचा प्रकार मला इतका झोंबला. ज्यांनी आयुष्यभर मोजमाप केलं त्यांच्या विद्येच्या नावाने हे लोक मोजमाप न करता दुसऱ्याला ताटकळत ठेवतात.

आजोबांची दुसरी गोष्ट म्हणजे ते कुणाला अडवत नसत. पेरणीच्या दिवसांत कुणी विचारायला आला तर म्हणत, वाफसा आहे ना, मग पेर. आजाऱ्याला डॉक्टरकडे न्यायचंय तर पंचांग उघडायचेसुद्धा नाहीत.

आणि आता ऐका माझ्या मैत्रिणीचं. दुसरं बाळंतपण, सिझेरियन ठरलेलं, वेळ सकाळी आठची. रात्रीपासून पोटात पाणीही नाही. सासरच्यांनी डॉक्टरांच्या मागे लागून वेळ पुढे ढकलून घेतली, कारण लग्नरास बदलायला हवी होती. पोरगी एक वाजेपर्यंत उपाशी, तहानलेली, पाठ दुखत, कूस बदलत पडून राहिली. तिला कुणी विचारलं नाही. बाळ सुखरूप आहे, पण त्या पाच तासांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तिच्या मनातून तर नाहीच नाही.

चुलत बहिणीच्या लग्नाचंही तेच. पत्रिकेवर छापलेलं, दुपारी १२ वाजून ३७ मिनिटे. अगदी ३७. त्या ३७ साठी माझ्या मधुमेही मावशीला सकाळी नाश्ता न करता निघायला लावलं, गाडी चुकेल म्हणून. बाराला आम्ही मुठीत अक्षता घेऊन उभे. मग एक पुढारी आले, त्यांचं स्वागत. दुसरे आले, त्यांचा सत्कार, नारळ, फेटा, आशीर्वादपर दोन शब्द. शेवटची मंगलाष्टका संपली तेव्हा पावणेदोन वाजून गेले होते. घामाने अक्षतांचा लगदा झाला होता. ३७ व्या मिनिटाला काय झालं? एक भाषण चालू होतं. मिनिट पाळायचं नसेल तर छापता कशाला? "दुपारी" एवढंच छापा, आम्ही जेवून येऊ.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या सोयीस्कर कडकपणाची. यांना हॉल मिळत नसला, मुलाला परदेशातून दोनच आठवड्यांची रजा असली की चातुर्मासातही काढीव मुहूर्त निघतात. पंचांगं ते अडीअडचणीसाठी छापतात, आणि मला त्यात काहीच गैर वाटत नाही. माणसांची अडचण समजून घेणारं शास्त्र आहे ते. साडेतीन मुहूर्तांना पंचांग बघायचीही गरज नाही म्हणून सांगितलंय, तेही लोकांची सोय बघूनच. आणि एकच पंचांग आहे का? टिळक पंचांगाचा अधिक महिना कधी कधी दाते पंचांगापेक्षा वेगळा येतो, तरी दोन्हीकडची घरं आपापल्या जागी सुखाने नांदतात. वाट काढायला सगळीकडे जागा ठेवलेली आहे. पण ती जागा स्वतःच्या अडचणीला. समोरच्याची अडचण आली की लगेच, "नाही हो, शास्त्र आहे."

या व्यवहारात महिनाभर हेच चाललंय. इसार पावतीच्या दिवशी अमावस्या निघाली, आठवडा पुढे. मग एका मंगळवारी भद्रा. भद्रा म्हणजे पंचांगातलं विष्टी करण, अशुभ मानलेला काळ. ते चांद्रमासात आठ वेळा येतं, ते काय एका मंगळवारी उगवलेलं संकट नव्हतं, तारीख ठरवताना आदल्या आठवड्यातही पंचांगात दिसत होतं. पण यांनी बघितलं त्याच दिवशी सकाळी, मी पोळ्या लाटून, डबे भरून घराला कुलूप लावत असताना. त्या दिवशीही मी गप्प बसले. आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागायच्या आत नोंदणी झालीच पाहिजे हाही यांचाच आग्रह. त्यासाठी मी बँकेत रोज खेपा घालून कर्जाचा डीडी वेळेत काढून घेतला. घाई यांची आणि खोळंबाही यांचाच, आम्ही नुसते धावायचं.

तर काल बाराला हे आले तेव्हा फाईल तळाशी गेली होती. एकला बँकेचा माणूस उठला. मी हात जोडले, तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मला पुढे दुसरी केस आहे." डीडी त्याच्या बॅगेत, तो गेला. मग जेवणाची सुट्टी. मग तीनला सर्व्हर हळू झाला. काका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसले होते, दर अर्ध्या तासाने उठून चार पावलं टाकायचे, म्हणजे गुडघे आखडू नयेत. एकदाही तक्रार केली नाही त्यांनी. पावणेपाचला क्लार्क म्हणाला, आज होणार नाही, नवीन स्लॉट घ्या.

आम्ही राहतो ते भाड्याचं घर ३० तारखेला सोडायचं ठरलं होतं. आता आणखी एक महिना, २२ हजार. दोघांची एकेक रजा गेली. काकांना पुन्हा बोलवायचं. हे सगळं मी पायऱ्या उतरताना त्या सासरेबुवांना सांगत होते, त्यांचा चेहरा जरा पडलाही होता. तेवढ्यात मेहुणा मागून म्हणाला, "दीड तासाचाच प्रश्न होता ताई, सर्व्हरने घोळ घातला."

सर्व्हरने! १०.४२ ला सर्व्हर चालू होता. आमच्या पुढचा दस्त अकरा वाजता नोंदवून, पेढे वाटून ते लोक घरी गेले. नवराबायको, कडेवर लहान मूल. त्यांनी राहू बघितला नव्हता. पेढा माझ्याही हातावर ठेवला. मला तो खाववेना.

रात्री साडेनऊला त्याचा मेसेज आला. बुधवार चालेल, पण १२ ते दीड नको, राहू आहे. खाली तेच पिवळं चित्र.

मी उत्तर पाठवलं ते इथे जसंच्या तसं देते. "बुधवारी राहुकाळ दिवसाच्या पाचव्या भागात असतो. पुण्याच्या सूर्योदयाने तो १२.३७ ते २.१६ येतो. गणित कागदावर मांडून फोटो जोडला आहे, पडताळून घ्या. स्लॉट ११ चा घेतला आहे. काका ७४ वर्षांचे आहेत, ते १०.४५ ला येतील. टोकन पुकारल्यावर विकणाऱ्यांनी टेबलासमोर असायचं. तुम्ही नाही आलात तरी चालेल. त्या दिवशी नोंदणी झाली नाही तर आमच्या एक महिन्याच्या भाड्याचे २२ हजार व्यवहाराच्या रकमेतून वजा होतील, तसं आमच्या वकिलांकडून लेखी येईल."

दोन निळ्या टिका आल्या. मग सासरेबुवांचा वेगळा मेसेज आला. "ताई, मी १०.३० ला येतो. एकटा."