धावण्याच्या ढबीचा सशुल्क अहवाल

नागपुरात पहाटे धावणाऱ्या माणसाला सल्ल्याची उणीव कधीच भासत नाही. फुटाळ्याच्या काठाने कोणी किंचित लंगडत जाताना दिसला, की चहाची किटली घेऊन उभा असलेला, डॉक्टरने सांगितले म्हणून फिरायला आलेला आणि कोणी काहीही न सांगता नुसताच कठड्यावर येऊन बसलेला, असे तिघेही त्याच्या गुडघ्याचे निदान करून मोकळे होतात. आणि ते निदान फुकट असल्यामुळे त्याला कोणी किंमत देत नाही. माझा उजवा गुडघा बाहेरच्या अंगाने दुखू लागला, सेमिनरी हिल्सचा चढ निमूटपणे चढून उतारावर मात्र पावलागणिक तक्रार नोंदवू लागला, तेव्हा माझ्याही वाट्याला अशी निदाने भरपूर आली. आमच्या गटातल्या वकीलसाहेबांनी कॅल्शियमची कमतरता सिद्ध झाल्याचे जाहीर केले. दुसऱ्या एका स्नेह्यांनी सगळा दोष सिमेंटच्या रस्त्यांवर ठेवला, आणि नागपुरात सिमेंटच्या रस्त्यांचे नाव निघाले की कोणतीही चर्चा कंत्राटावर जाऊन थांबते, तशी तीही थांबली. मिहानमधल्या एका कंपनीत काम करणाऱ्या तरुणाने मात्र मनगटावरच्या घड्याळातून नजर न काढता, "सर, तुम्ही गेट ॲनालिसिस करून घ्या," असे सांगितले. ते घड्याळ माझ्या स्कूटरपेक्षा महाग असल्यामुळे त्या सल्ल्याला आपोआप वजन आले.

गेट ॲनालिसिस म्हणजे धावण्याच्या ढबीची तपासणी. माणसाला ट्रेडमिलवर धावायला लावायचे, बाजूने आणि मागून त्याचे चित्रण करायचे, ते अगदी मंद गतीने पाहायचे, आणि पाऊल कसे टेकते, गुडघा किती वाकतो, कंबर कोणत्या बाजूला कलते, मिनिटाला पावले किती पडतात याची मोजदाद करून ती त्याच माणसाला लेखी कळवायची, असा हा एकंदर व्यवहार आहे. त्याचे शुल्क घरी सांगितले तेव्हा सौ. भाजी निवडत होत्या. "आता धावायचीही ट्यूशन लावून राहिले का तुम्ही?" एवढाच प्रश्न त्यांनी विचारला आणि पुन्हा मेथीकडे वळल्या. खरे तर या संपूर्ण विषयावर इतका नेमका प्रश्न मला पुढे कोणत्याही अहवालात आढळला नाही.

तपासणीच्या खोलीत एक ट्रेडमिल, कॅमेरे बसवलेल्या दोन तिपाया, एक मोठा पडदा आणि एक अत्यंत नम्र मुलगा होता. त्याने मला शर्ट काढायला सांगितला. आता धावण्याच्या ढबीचा आणि शर्टाचा काय संबंध, असे मी विचारणार होतो, पण त्याने तेवढ्यात माझ्या कमरेच्या हाडावर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि घोट्यावर गोल चिकटपट्ट्या लावायला सुरुवात केली. कमरेचे हाड सापडायला त्याला थोडा वेळ लागला. "थोडं आत आहे काका," असे तो सौजन्याने म्हणाला. मग त्याने हाफपँट जरा वर दुमडायला लावली, आणि वातानुकूलित खोलीत, अनोळखी माणसासमोर, अंगावर ठिकठिकाणी पांढरे ठिपके घेऊन मी त्या पट्ट्यावर चढलो.

"काका, आता एकदम नॉर्मल धावा."

जगातला कोणताही माणूस "नॉर्मल धावा" असे सांगितल्यावर नॉर्मल धावू शकत नाही, ही या शास्त्राची पहिली अडचण आहे आणि तिच्यावर कोणत्याही कॅमेऱ्याने अद्याप मात केलेली नाही. मी पोट आत घेतले. मान ताठ केली. कधी नव्हे ते गुडघे उचलले. ट्रेडमिलची सवय नसलेल्याला तिच्यावर स्थिरावायला काही मिनिटे लागतात, हे त्या मुलालाही ठाऊक होते, म्हणून तो थांबला. पण त्या काही मिनिटांत पोट आत धरून ठेवणे मला झेपेना आणि शेवटी जे चित्रित झाले ते बऱ्यापैकी अस्सल असावे. शिवाय तो पट्टा सपाट होता. मी ज्या रस्त्यांवर धावतो ते मध्ये उंच आणि कडेला उतरते आहेत, त्यामुळे रोज एकाच बाजूने धावणाऱ्याचा एक पाय कायम दुसऱ्यापेक्षा खाली पडतो. त्यातच गतिरोधक, नुकतेच बुजवलेले खड्डे आणि रामगिरीच्या बाजूला मधूनच अंगावर येणारी कुत्री यांनी घडवलेली माझी जी खरी ढब आहे, तिच्यासाठी खोलीत एकही तिपाई नव्हती.

त्यानंतर पडद्यावर माझी पाठ आली. माणूस आयुष्यभर स्वतःला समोरून पाहतो आणि त्या बळावर जगतो. सेकंदाला २४० चित्रे या वेगाने टिपलेली आपली पाठ जेव्हा मंद गतीने वर-खाली होऊ लागते, तेव्हा आपण जिला पळणे समजत होतो ती क्रिया प्रत्यक्षात अनेक अवयवांनी परस्परांशी सल्लामसलत न करता केलेला प्रवास आहे, हे लक्षात येते. माझे पोट वर जाताना माझ्याबरोबर असे. खाली येताना ते मुक्कामी एसटीसारखे उशिरा पोहोचे. मुलगा मात्र तिकडे पाहतही नव्हता. त्याने चित्र थांबवले, पडद्यावर दोन रेषा ओढल्या आणि सांगितले, की उजवा पाय टेकला की माझी डावी कंबर खाली पडते, टाच शरीराच्या फार पुढे टेकते, आणि दोन्ही पावले आतल्या बाजूला कलतात.

अहवाल रंगीत होता. लाल, पिवळा आणि हिरवा असे त्यात रकाने होते, आणि माझ्या वाट्याला हिरवे फारसे आले नव्हते. मिनिटाला १५८ पावले पडतात, ती १८० व्हायला हवीत, असे ठळक अक्षरांत लिहिले होते. शेवटच्या पानावर पाऊल आत कलू न देणारा बूट सुचवला होता, आणि योगायोग असा, की तो बूट बाहेरच्याच दालनात माझ्या मापात उपलब्ध होता.

तो मी घेतला नाही. घरी येऊन वाचायला बसलो, आणि मग एकेक रकाना माझ्या डोळ्यांदेखत फिका पडू लागला. १८० हा आकडा आला कुठून, तर १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकाने प्रेक्षकांत बसून धावपटूंची पावले मोजली, आणि ती जवळपास सगळ्यांची १८० किंवा त्याहून अधिक भरली. ती माणसे ऑलिंपिकच्या शर्यतीत, ऑलिंपिकच्या वेगाने धावत होती. अंबाझरीच्या बांधावरून गप्पा मारत, मध्येच ओळखीच्यांना हात करत धावणाऱ्या गृहस्थाने तो आकडा गाठावा, अशी मागणी त्यांच्यापैकी कोणी केल्याचे दिसत नाही. पावले आत कलण्याचेही तसेच. धक्का सोसण्यासाठी पाऊल थोडे आत कलते, ती शरीराची सोय आहे. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावणाऱ्यांना सरसकट एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर लक्ष ठेवले गेले, आणि २०१४ मध्ये निष्कर्ष आला, की पाऊल आत कलणाऱ्यांना दुखापतीचा धोका अधिक असल्याचे आढळत नाही. अमेरिकेच्या लष्करानेही तळपायाचा आकार पाहून भरती झालेल्या जवानांना वेगवेगळे बूट वाटून पाहिले; त्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. बेनो निग या अभ्यासकाने तर आयुष्यभर बूट आणि पावले मोजून झाल्यावर असे सुचवले, की जो बूट पायाला सुखाचा वाटतो तो घ्यावा. आमच्या घरी बूट नेहमी याच शास्त्रानुसार घेतले जात आले आहेत.

या साऱ्या तपासणीचे मूळ पुरुष म्हणजे एडवर्ड मायब्रिज. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात लेलँड स्टॅनफर्डच्या घोड्याच्या वाटेत त्यांनी ओळीने कॅमेरे मांडले आणि चौखूर धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात, हे सिद्ध करून दाखवले. घोड्याने ते पाहिले नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो पूर्वीसारखाच धावला असावा.

माझे तसे झाले नाही. अहवालातल्या सूचना डोक्यात घेऊन मी सेमिनरी हिल्सला गेलो. खांदे सैल, नजर पुढे, पाऊल शरीराखाली, कंबर समतल, पावले जलद, आणि हे सगळे सहजपणे. मोबाइलमध्ये टिकटिक करणारे एक ॲप लावले होते, त्यामुळे माझ्याबरोबर धावणारे दोघे थोड्याच वेळात काहीतरी निमित्त काढून पुढे निघून गेले. पाऊल नीट पडले की खांदे वर यायचे. खांदे उतरवले की टिकटिक चुकायची. इतकी वर्षे जे काम पाय परस्पर करत होते, ते आता दर वेळी मंजुरीसाठी वर येऊ लागले, आणि वर निर्णय घेणारा धाप लागलेला होता. समोरून येणाऱ्या ओळखीच्या वहिनींनी थांबून, "बरं नाही का भाऊजी?" असे विचारले.

बांधेसूद ढब नसलेल्यांनी काय करावे, याचे उत्तर इतिहासात आहे. एमिल झाटोपेक धावताना मान एका बाजूला टाकी, चेहरा वेदनेने पिळून काढी, आणि पाहणाऱ्याला वाटे की हा पुढच्या वळणावर कोसळणार. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीनही सुवर्णपदके नेली. पॉला रॅडक्लिफचे डोके दर पावलाला होकार दिल्यागत हलत असे, आणि २००३ मध्ये लंडनला तिने २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली, तो विक्रम २०१९ पर्यंत कोणालाही मोडता आला नाही. त्या दोघांना लाल रकाना दाखवायला जाणाऱ्याला आधी त्यांना गाठावे लागले असते.

तरीही या शास्त्राला सरसकट भंपक म्हणणे अन्यायाचे होईल, आणि मी ते म्हणत नाही. हाँगकाँगमध्ये ३२० नवख्या धावणाऱ्यांचे दोन गट करून त्यातल्या एकाला दोन आठवडे, पडद्यावर आपल्या पावलांचा धक्का पाहत, पाऊल हलके टाकायला शिकवले गेले. वर्षभरात त्या गटातला दुखापतीचा धोका ६२ टक्क्यांनी कमी भरला, असा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आकडा कोणालाही गप्प करणारा आहे. मात्र त्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे त्या लोकांना शिकवले गेले, पुन्हा पुन्हा, समोर उभे राहून. रंगीत कागद हातात देऊन घरी पाठवले गेले नाही. दुसरी अशी, की शिकवलेल्यांपैकी ज्यांना दुखापत झालीच, त्यांच्यात पोटरीची आणि टाचेमागच्या शिरेची दुखणी अधिक निघाली. ढब बदलली की भार नाहीसा होत नाही, तो बिऱ्हाड बदलतो.

गुडघा तोवर दुखतच होता, म्हणून शेवटी धंतोलीतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. धंतोलीत गाडी लावायला जागा शोधताना गुडघ्याला जो व्यायाम झाला तो वेगळाच. बाईंनी आधी विचारले, "नेमकं कुठे दुखतं? कधीपासून? त्याच्या आधीच्या महिन्यात काय वाढवलं?" हा तिसरा प्रश्न त्या वातानुकूलित खोलीत कोणी विचारलाच नव्हता. हौशी धावणाऱ्यांची बहुतेक दुखणी शर्यतीची तारीख जवळ आल्यावर एकदम वाढवलेल्या अंतरातून येतात, आणि ते अंतर कोणत्याही कॅमेऱ्यात दिसत नाही, कारण ते मागच्या महिन्यात पडलेले असते. मग बाईंनी मला एका पायरीवर एका पायाने उभे करून दुसरे पाऊल हळूच खाली टेकवायला लावले. डावी कंबर खाली पडली. "बघा, इथेच आहे तुमचं," त्या म्हणाल्या. जे सांगायला दोन कॅमेरे आणि पांढरे ठिपके लागले होते, ते एका प्लास्टिकच्या पायरीवर शर्ट न काढता समजले, आणि शुल्कही त्या अहवालाच्या कितीतरी खाली होते.

मी अहवाल पुढे केला. त्यांनी रंगीत पाने झरझर उलटली, फक्त मागून घेतलेले चित्रण आणि १५८ हा आकडा ठेवून घेतला. १८० विसरा, म्हणाल्या, त्यात पाच टक्के मिळवा, १६६ च्या आसपास पुरे. याला आधार आहे: २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात, वेग तोच ठेवून पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तर गुडघ्यावर आणि कमरेच्या सांध्यावर पडणारा भार कमी होतो, असे दिसून आले. पाऊल छोटे पडले, की टाच आपोआप शरीराजवळ येते; बाकीच्या सूचना लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. कंबरेच्या बाजूच्या स्नायूंसाठी रबरी पट्टा पायात अडकवून खेकड्यागत आडवे चालण्याचा व्यायाम मिळाला. तो मी बैठकीच्या खोलीत, पडदे ओढून करतो.

तेव्हा कोणी मला विचारले, की करून घ्यावे का, तर माझे उत्तर तयार आहे. एकच दुखणे विश्रांती घेऊनही त्याच जागी परत परत येत असेल, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा धावायचे असेल, किंवा काही सेकंदांसाठी जीव टाकण्याइतकी ईर्षा असेल, तर जरूर करावे. पण यंत्राकडे जाण्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे जावे, आणि त्याच्याकडे कॅमेरा असला तर उत्तमच. ज्याचे काही दुखत नाही आणि जो तर्री पोह्यांच्या ठेल्यापर्यंत पोचण्यासाठीच धावतो, त्याने ते पैसे पोह्यांवर खर्च करावेत.

हे मी परवा त्या ठेल्यावर सविस्तर समजावून सांगितले. ऐकणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका होते. काका पासष्टीचे आहेत. त्यांचे कोपर आजूबाजूच्यांना लागते, पावले दोन वेगवेगळ्या दिशांना पडतात, बुटांचे तळवे केव्हाच सपाट झाले आहेत, आणि त्यांचा आजवर कोणताही अवयव दुखलेला नाही. त्यांनी तर्रीतले चणे संपवत सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि त्या केंद्राचा पत्ता मागितला.

"पण काका, तुमचं तर काहीच दुखत नाही!"

"तेच म्हणतो ना बाप्पा," काका म्हणाले, "इतकं वाकडं धावूनही काऊन दुखत नाही, ते तर तपासून घ्यावं लागंल ना!"