लिंक नको, भांडं गळतं का ते सांगा

आज सकाळपासून डोकं फिरलंय. बायकांच्या एका मोठ्या ग्रुपवर (नाव लिहीत नाही, तुमच्यातल्या अर्ध्याजणी तिथेच आहेत) एकीने साधा प्रश्न विचारला, लेक नोकरीसाठी पुण्याला चाललीय, मिक्सर कोणता देऊ? झालं, कमेंटींचा पाऊस. "ताई इनबॉक्स बघा", "लिंक देते", "डोळे झाकून घ्या". घरात किती वर्षं वापरतेय, त्यात इडलीचं वाटते की नुसता मिल्कशेक करते, एकीनेही लिहिलं नाही. आणि जिने लिहिलं की याच मॉडेलचं चटणीचं भांडं वर्षात गळायला लागलं, तिची कमेंट तासाभरात गायब! ॲडमिन म्हणे ग्रुपवर निगेटिव्हिटी नको. अहो निगेटिव्हिटी कसली, भांडं गळतंय तिचं!

माझा मिक्सर मी ग्रुपवरच विचारून घेतलेला, कोविडच्या आधी. नागपूरच्या एका काकूंनी, ज्यांना मी आजतागायत भेटलेले नाही, हा एवढा मोठा परिच्छेद लिहिला होता. आवाज असा की झोपलेलं पोर उठतं, ओलं खोबरं वाटताना झाकणावर हात दाबून धरावा लागतो, झाकणाचं रबर ढिलं पडतं, खालचा कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा) झिजतो पण तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि घरी बसवता येतो, फक्त आटे उलटे असतात, जोर करू नका. एवढ्या तक्रारी वाचूनच मी तो घेतला. काय बिघडणार ते आधीच कळलं होतं ना.

साइटवरच्या स्टारचं तर बोलायलाच नको. मागे एका वस्तूच्या खोक्यातून कार्डच निघालं, पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पैसे घ्या. म्हणून तर आपण माणसांना विचारायला ग्रुपवर येतो, आणि तिथेही तेच दुकान?

आता म्हणाल, ॲडमिन फुकट राबते, लिंकमधून चार पैसे मिळाले तर तुझ्या पोटात का दुखतं. बरं, मिळू देत. लिंकमध्ये तिचा कोड असतो, आपण घेतलं की तिला कमिशन, आपल्याला किंमत तीच. पण मग सांग ना तसं! जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमच काढलेत की शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी काही व्यवहार असेल तर तो उघड करायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोने, ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, तेही ऐच्छिक, म्हणजे वाटलं तर पाळा. कागदावर सगळं छान असतंच आपल्याकडे.

काकूंना त्या परिच्छेदाचं काय मिळालं? काही नाही. दुपारी कामं आटपून एका अनोळखी बाईसाठी टाइप करत बसल्या. मी कपलर बदलला तेव्हा तीच कमेंट शोधून काढली होती, आटे कुठल्या बाजूने ते बघायला.

आमच्या आईचं आठवलं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची, आई तिच्या डोंबिवलीच्या संघात होती. महिन्याची यादी द्यायची, सामान एकत्र यायचं, कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजीवर वाटप. आणि वाटपापेक्षा गप्पाच जास्त, या वेळची तूरडाळ शिजत नाही, तो साबण घेऊ नका हात फुटतात. तिथे कुणी म्हणालं असतं का की डाळीबद्दल वाईट बोलू नका, वातावरण बिघडतं? तेव्हा निवड कमी होती आणि मला घरबसल्या मिळणाऱ्या वस्तू हव्याच आहेत, ते कबूल. पण ती कमेंट उडवायला नको होती. शेकडो बायकांनी वाचली असती.

असो, बीपी वाढतंय. मला बीएलडीसी पंखा घ्यायचाय, तो कमी वीज खाणारा, रिमोटवाला. ज्यांच्याकडे त्याने निदान दोन उन्हाळे काढलेत त्यांनीच लिहा. रिमोट हरवला तर काय करता, लाइट खालीवर झाल्यावर आतला सर्किट बोर्ड गेला का, गेला तर माणूस किती दिवसांनी आला. शिव्या घालायच्या असतील तर त्याही घाला, एकही कमेंट उडवणार नाही. फक्त लिंक टाकलीत तर तेवढी उडेल, आधीच सांगून ठेवते.